शिंगवाला ससा, ज्याला जॅकलोप म्हणतात, तो खरंच असतो का?

मैथिली_नाशिक:

नमस्कार मंडळी. घरात एका गोष्टीवरून दोन तट पडलेत म्हणून इथे विचारतेय. माझा मामेभाऊ अमेरिकेत डेन्व्हरला असतो. तो यलोस्टोनला जाताना वायोमिंगमधे एका ठिकाणी जेवायला थांबला तर तिथे भिंतीवर सशाचं मुंडकं लावलेलं आणि त्याला चक्क हरणासारखी फाटे फुटलेली शिंगं! केस, मिश्या, कान सगळं अगदी खरं, हात लावून बघितलं म्हणे त्याने. हॉटेलवाल्याने सांगितलं की हा जॅकलोप, आमच्या इथल्या माळावर असतो, फार लाजाळू म्हणून सहसा दिसत नाही. तो फोटो फॅमिली ग्रुपवर आला आणि पाठोपाठ जाऊबाईंनी एक रील टाकलं, कोलोरॅडोमधल्या कुणाच्यातरी अंगणात एक जिवंत ससा गवत खातोय आणि त्याच्या नाकाच्या आजूबाजूला आणि गालांवर काळी काळी वेडीवाकडी शिंगं आलीयेत. ती हरणासारखी नाहीत, जाड काट्यांसारखी आहेत, पण ससा जिवंत आहे आणि हलतोय.

आता माझा मुलगा म्हणतो बघ, मेलेला पण आहे आणि जिवंत पण आहे, म्हणजे प्राणी आहेच. नवरा म्हणतो दोन्ही खोटं, हल्ली एआयने काय वाट्टेल ते बनवतात. मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये कारण भावाने स्वतः पाहिलंय आणि रीलमधला ससा बनवलेला वाटत नाही. कुणाला नक्की माहिती असेल तर प्लीज सांगा. अजून एक, आमच्याकडे दोन पांढरे ससे पाळलेत त्यामुळे मला जरा जास्तच काळजी वाटतेय.

कोलोरॅडोकर:

मैथिलीताई, तुमच्या भावाने पाहिलं ते खरं आहे आणि तो प्राणी मात्र नाही, म्हणजे ससा खरा, शिंगंही खरी, पण दोन वेगवेगळ्या जनावरांची. मी इकडे बरीच वर्षं आहे आणि हे गाव मला फार आवडतं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वायोमिंगमधे डग्लस नावाचं छोटं गाव आहे, डेन्व्हरहून आय-२५ हायवेने सरळ उत्तरेला गेलं की साधारण चार तासात येतं. तिथे डग्लस हेरिक आणि राल्फ हेरिक असे दोन भाऊ होते (हो, माणसाचं आणि गावाचं नाव एकच). या पोरांनी पोस्टाने धडे मागवून जनावरांत पेंढा भरायचं काम शिकून घेतलेलं. १९३२ च्या सुमारास दोघं शिकारीहून परत आले आणि मारलेला ससा दुकानात जमिनीवर टाकला तो नेमका हरणाच्या शिंगांच्या जोडीशेजारी जाऊन पडला. ते बघून डग्लसला सुचलं की याला असाच बनवूया. तो पहिला नमुना त्यांनी रॉय बॉल नावाच्या माणसाला १० डॉलरला विकला, त्याने तो गावातल्या ला बाँटी हॉटेलात लावला आणि तिथे तो कितीतरी वर्षं होता, १९७७ मधे कुणीतरी चोरून नेला. पण तोपर्यंत मागणी इतकी वाढलेली की दोघा भावांनी असे ढिगाने बनवले, पुढे इतर लोकांनीही बनवले आणि आज त्या पट्ट्यातल्या बार, पेट्रोल पंप, गिफ्ट शॉप, कुठेही जा, भिंतीवर एक असतोच. डग्लस हेरिक २००३ मधे वारले तेव्हा न्यूयॉर्कच्या मोठ्या पेपरात मृत्युलेख आला होता.

नावाचं म्हणाल तर जॅकरॅबिट हा तिकडचा लांब कानांचा मोठा ससा आणि अँटिलोप म्हणजे तिकडच्या माळावरचं हरणासारखं जनावर, प्रॉन्गहॉर्न, दोन्ही जोडून जॅकलोप. गावाने हे इतकं मनावर घेतलंय की चौकात भला मोठा पुतळा आहे, जूनमधे जत्रा भरते, १९८५ मधे गव्हर्नर एड हर्शलर यांनी डग्लसला जॅकलोपचं माहेरघर म्हणून जाहीर केलं. शिकारीचं लायसनसुद्धा मिळतं तिथे, पण ते फक्त ३१ जूनला चालतं. ही तारीख मुलाला दाखवा, बाकी समजावून सांगायची गरज पडणार नाही.

आणि गोष्टी तर अशा सुंदर जोडल्यात की काय सांगू. रात्री काऊबॉय लोक शेकोटीभोवती गाणी म्हणायला लागले की लांबून जॅकलोप त्यांच्याच आवाजात गातो, वीज कडाडतानाच त्यांची जोडी जमते, त्याला पकडायचं तर व्हिस्की ठेवायची. उजाड माळ आहे हो तो, थंडीत मैलोन्मैल माणूस दिसत नाही, अशा ठिकाणी लोकांनी स्वतःसाठी एक जनावर तयार केलं आणि जवळजवळ शंभर वर्षं सांभाळलं, मला याचं खरंच कौतुक वाटतं.

रीलचं मात्र वेगळं आहे, ते एआय नाही. ते फोर्ट कॉलिन्सचं आहे, ऑगस्ट २०२५ मधे इकडे सगळ्या न्यूज चॅनलवर होतं. ते ससे आजारी आहेत. त्याबद्दल जाणकारांनी लिहावं.

माणदेशी_गडी:

वाचतोय. एक शंका. ससा आणि हरीण यांचं क्रॉस होऊच शकत नाही हे नक्की का? घोडा आणि गाढवाचं खेचर होतंच की. आणि आमच्याकडं माळावर ससे भरपूर, त्याला शिंग कुणी पाहिल्याचं ऐकलं नाही, पण आमच्या एका कालवडीच्या मानेवर आणि डोळ्याजवळ चामखिळी एवढ्या वाढलेल्या की लांबून बघणाऱ्याला छोटी शिंगंच वाटायची, नंतर आपोआप गळून गेल्या. रील बघितल्यावर मला तीच आठवली. ते हे एकच आहे का?

पशुवैद्य_बारामती:

माणदेशी दादा, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत. कालवडीच्या चामखिळी आणि त्या सशाची शिंगं, दोन्हीमागे एकाच घराण्यातले विषाणू आहेत, पॅपिलोमा व्हायरस. फक्त गायीचा वेगळा, सशाचा वेगळा, माणसाचा वेगळा, आणि एकमेकांत सहसा जात नाहीत.

आधी क्रॉसचं सांगतो. घोडा आणि गाढव एकाच कुळातले सख्खे शेजारी, तरी खेचराला पुढे पिल्लं होत नाहीत. ससा आणि हरीण यांची तर गणंच वेगळी, एक पंज्याचा, सतत वाढणाऱ्या दातांचा, दुसरं खुराचं आणि रवंथ करणारं. त्यांचं बीज जुळणं शक्य नाही. त्यामुळे संकराने झालेला जॅकलोप हा विषय तिथेच संपतो.

आता शिंग म्हणजे काय तेही बघा म्हणजे फोटो ओळखता येईल. गायीच्या शिंगात आत कवटीतून आलेलं हाड असतं आणि वरून आपल्या नखासारखं केराटिनचं कवच. चितळ, सांबर यांची फाटे फुटलेली शिंगं पूर्ण हाडाची, ती ठराविक काळाने गळतात आणि नवी येतात. कोलोरॅडोकर म्हणाले त्या प्रॉन्गहॉर्नचं आणखी निराळं, आतलं हाड तसंच राहतं आणि वरचं कवच दरवर्षी गळतं. रीलमधल्या सशाला हाड अजिबात नाही. तिथे व्हायरस कातडीच्या पेशींत शिरतो, त्या पेशी बेसुमार वाढतात, केराटिनचे थरावर थर चढत जातात आणि त्यातून ते काळे कडक कोंब तयार होतात. डोक्यावरच येतील असं नाही, नाकावर, ओठाला, पापणीला, मानेवर कुठेही. गोचीड, डास, पिसवा असल्या चावणाऱ्या किड्यांमधून तो पसरतो म्हणून उन्हाळ्यात जास्त दिसतो. बऱ्याच सशांचं शरीर स्वतःच त्याला हरवतं आणि कोंब झडून जातात. पण तोंडाशी किंवा डोळ्यावर वाढले तर खाता येत नाही, दिसत नाही, आणि ससा उपासमारीने मरतो. म्हणून ते रील लोक भुताचा ससा म्हणून हसत फॉरवर्ड करतात ना, त्याचा मला मनापासून राग येतो, तिथे एक जनावर त्रासात आहे.

याचा शोध कसा लागला ते ऐकण्यासारखं आहे. रिचर्ड शोप म्हणून शास्त्रज्ञ होते, जन्म १९०१, आयोवातले, म्हणजे शेतीवाडीच्या मुलखातले. न्यू जर्सीत प्रिन्स्टनला रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधे काम करायचे. डुकरांच्या फ्लूचा व्हायरस यांनीच वेगळा काढलेला. शिकारी लोक सांगायचे की अमक्या भागात शिंगवाले ससे मिळतात. दुसरा कुणी असता तर गप्पा म्हणून सोडून दिलं असतं. शोप यांनी ते कोंब मागवून घेतले, मीठ-पाण्यात वाटले, आणि ते पाणी इतक्या बारीक छिद्रांच्या गाळणीतून काढलं की त्यातून बॅक्टेरियासुद्धा पलीकडे जाणार नाही. मग गाळलेलं पाणी निरोगी सशांच्या खरवडलेल्या कातडीवर चोळलं. त्यांनाही शिंगं आली. म्हणजे कारण बॅक्टेरियाहून बारीक, म्हणजे व्हायरस. हे १९३३ मधे छापून आलं. आज त्याला शोप पॅपिलोमा व्हायरस म्हणतात आणि सस्तन प्राण्यात गाठ निर्माण करणारा पहिला सापडलेला व्हायरस म्हणून त्याचं नाव घेतात.

वर्ष लक्षात घ्या बरं का. हेरिक भाऊ वायोमिंगमधे सशाला शिंगं जोडत होते जवळपास त्याच काळात शोप पूर्वेला खऱ्या शिंगांचं कारण शोधत होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला ही गोष्ट वाचल्यापासून डोक्यातून जात नाही.

जुनी_पोथी:

फार छान माहिती डॉक्टर. मला थोडी मागची भर घालायचीय कारण शिंगवाला ससा अमेरिकेत १९३२ ला जन्मला असं कुणाला वाटू नये.

युरोपात सोळाव्या शतकात कॉनराड गेस्नर या स्विस निसर्गअभ्यासकाने प्राण्यांचे जे जाडजूड ग्रंथ काढले त्यात शिंगवाल्या सशाचा उल्लेख येतो, आणि योरिस हूफनागेल नावाच्या चित्रकाराने त्याच शतकात इतर खऱ्या प्राण्यांच्या बरोबरीने शिंगवाला ससा रंगवलाय, अगदी केस न् केस दिसतो. त्याला लॅटिन नावही मिळालेलं, लेपस कॉर्नुटस, आणि १७८९ च्या एका फ्रेंच कोशातही तो चित्रासकट आहे. म्हणजे दोनशे वर्षं चांगले शिकलेसवरलेले लोक त्याला खरा धरून चालले होते. बव्हेरियात त्याचा भाऊबंद म्हणावा असा वोल्पर्टिंगर आहे, सशाचं डोकं, शिंगं, वर पंख, तो पेंढा भरून खाणावळीत लावतात आणि म्युनिकच्या शिकार संग्रहालयात कपाटभर मांडलेत.

पूर्वेला आलात तर तेराव्या शतकात कझवीनी या इराणी पंडिताच्या ग्रंथात अल-मिराज येतो, पिवळा ससा आणि डोक्यावर एकच काळं शिंग. तो कुठे राहतो तर आपल्या हिंदी महासागरातल्या एका बेटावर, आणि त्याला बघून बाकीची सगळी जनावरं पळून जातात. बेटावरच्या लोकांनी तो सिकंदराला भेट दिला अशी कथा आहे.

आणि आपल्याकडे तर सशाचं शिंग म्हणजे जे असूच शकत नाही त्याचं उदाहरण! न्याय-वेदांताच्या चर्चेत वंध्यापुत्र, आकाशातलं फूल आणि शशशृंग ही ठरलेली मंडळी. वाळूचे कण रगडता तेलही गळे हे आपण सगळे म्हणतो, ते भर्तृहरीच्या नीतिशतकातल्या श्लोकाचं वामन पंडितांनी केलेलं मराठी, त्याच श्लोकात पुढे आहे की रानात हिंडताना एखाद्याला सशाचं शिंगही सापडेल पण मूर्खाची समजूत पटवता येणार नाही. मला यात जाणवतं ते असं की एकीकडे युरोपवाले ससा पाहिल्याचं सांगतात, चित्र काढतात, आणि आपले पंडित ते अशक्य म्हणून ठाम आहेत. डॉक्टर, युरोपातली चित्रं आजारी सशांवरून निघाली असतील का?

पशुवैद्य_बारामती:

पोथीदादा, असा अंदाज बरेच अभ्यासक मांडतात आणि काही बाबतीत तो पटण्यासारखा आहे. पण हूफनागेलच्या चित्रातली शिंगं कानांच्या मधोमध, दोन्ही बाजूंना सारखी आणि फाटे फुटलेली आहेत, व्हायरस कधीच इतकं मोजूनमापून वाढवत नाही. तिथे कुणीतरी लहान हरणाची शिंगं जोडलेला नमुना दाखवला असावा असं मला वाटतं. फोटो किंवा चित्र बघताना हीच खूण धरा, जोडी सारखी आणि सुबक असेल तर माणसाचं काम, वेडंवाकडं आणि कुठेही उगवलेलं असेल तर आजार.

बिनधास्त_बंड्या:

एवढं सिरियस व्हायची काय गरज आहे, लोकांना मजा वाटते, बघतात आणि पुढे जातात. व्हायरस असला तरी सशांचा आहे, आपल्याला काय करायचंय त्याचं.

लॅबवाली_पुणे:

बंड्याभाऊ, आपल्याला करायचंय, खूप करायचंय. मी याच क्षेत्रात काम करते म्हणून लिहितेय.

शोप यांनी ही शिंगं ज्यांच्याकडे पुढच्या अभ्यासाला दिली ते त्यांचे मित्र पेटन राऊस. राऊसनी १९११ मधेच दाखवलेलं की कोंबड्यांचा एक कॅन्सर व्हायरसने होतो आणि तेव्हा बहुतेकांनी ते कोंबड्यांपुरतं म्हणून बाजूला सारलेलं. सशांवर काम करताना त्यांना दिसलं की ही चामखीळ कायम चामखीळ राहत नाही, पाळीव सशांमधे तर बऱ्याचदा तिचा पुढे कॅन्सर होतो, आत पसरतो. म्हणजे सस्तन प्राण्यातसुद्धा व्हायरसपासून कॅन्सर होऊ शकतो. राऊसना नोबेल मिळालं १९६६ मधे, पहिल्या शोधानंतर ५५ वर्षांनी, वय ८७. हा माणूस इतकी वर्षं आपल्या म्हणण्यावर टिकून राहिला.

मग जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी दाखवलं की बायकांच्या गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरमागे माणसाचा पॅपिलोमा व्हायरस आहे, एचपीव्ही म्हणतात तो, मुख्यतः १६ आणि १८ नंबरचे प्रकार. त्यांना २००८ चं नोबेल. आणि लस बनवताना, व्हायरसचं फक्त वरचं रिकामं कवच टोचलं तर शरीर संरक्षण तयार करतं का, हे ज्या प्राण्यांवर तपासलं त्यात हाच सशांचा व्हायरस होता. ती लस टोचलेल्या सशांना शोप व्हायरस दिला तरी शिंगं आली नाहीत. २००६ मधे माणसांसाठीची पहिली लस बाजारात आली आणि जानेवारी २०२३ मधे आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक आली, भारतात बनलेली पहिली.

आपल्या देशात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना हा कॅन्सर होतो. वॉर्डात या बायका बघितल्यात मी, बऱ्याचजणी उशिरा आलेल्या, अंगावर काढलेल्या. ९ ते १४ वयात लस दिली तर यातल्या कितीतरी जणी कधी त्या वॉर्डात येणारच नाहीत. त्यामुळे ज्यांच्या घरात या वयाची मुलगी आहे त्यांनी बालरोगतज्ज्ञांना किंवा स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून विचारा, आणि तिशीच्या पुढच्या बायकांनी तपासणी करून घ्या, लस घेतली असली तरी.

कोलोरॅडोकर:

लॅबवाली ताई, हे मला माहीत नव्हतं, माझी मुलगी अकरा वर्षांची आहे, इकडे शाळेच्या वयाच्या लसींच्या यादीत हे नाव येतं पण मागे सशांची एवढी गोष्ट आहे हे कुणी सांगितलं नव्हतं. बायकोला वाचून दाखवलं आत्ताच.

फोर्ट कॉलिन्सबद्दल थोडं अजून. तिथल्या लोकांनी घाबरून फ्रँकेनस्टाईन ससे वगैरे नावं ठेवली होती आणि काहींनी मारून टाकावेत का असंही विचारलं होतं. कोलोरॅडोच्या वन्यजीव खात्याने स्पष्ट सांगितलं की माणसाला, कुत्र्या-मांजराला धोका नाही, फक्त हात लावू नका, पकडू नका. आमच्या कॉलनीतही कॉटनटेल ससे खूप आहेत, संध्याकाळी हिरवळीवर येतात, तेव्हापासून त्यांच्याकडे जरा लक्ष देऊन बघतो.

मैथिली_नाशिक:

सगळ्यांचे खूप आभार, मी सगळं मुलाला आणि नवऱ्याला समोर बसवून वाचून दाखवलं. ३१ जूनवर मुलगा आधी गप्प बसला आणि मग शोपच्या गाळणीबद्दल दहा प्रश्न विचारले, त्या छिद्रातून व्हायरस जातो तर मग पाणी उकळून का नाही बघितलं वगैरे. डॉक्टर, त्याला काय सांगू? आणि माझ्या सशांचं सांगा ना, ते घरात पिंजऱ्यात असतात, संध्याकाळी गच्चीवर सोडते. एकाच्या कानाच्या आत छोटासा खरबरीत उंचवटा आहे, गेल्या महिन्यापासून दिसतोय.

पशुवैद्य_बारामती:

मुलाला सांगा की उकळलं असतं तर व्हायरस मेला असता आणि काहीच उगवलं नसतं, शोपना तो जिवंत ठेवूनच बाकीच्यांपासून वेगळा करायचा होता. प्रश्न चांगला आहे त्याचा.

सशाचं म्हणाल तर शोप व्हायरस हा उत्तर अमेरिकेतल्या कॉटनटेल सशांचा, तुमच्या गच्चीवर तो येण्याचं कारण दिसत नाही, त्यामुळे रीलमुळे घाबरू नका. पाळीव सशांच्या कानात खरबरीत खपली दिसली तर आपल्याकडे पहिला संशय खरजेच्या किड्याचा घ्यायचा, तो फार कॉमन आहे. ससा कान झटकतो का, मागच्या पायाने खाजवतो का, खपली तपकिरी आणि पापुद्र्यासारखी आहे का ते बघा. ओढून काढू नका, आतून रक्त येतं आणि सशाला खूप दुखतं. तेल, हळद, फिनेल काहीही लावू नका. आणि कुत्र्या-मांजराच्या गोचिडांवर मिळतं ते फिप्रोनिल असलेलं औषध चुकूनही सशाला वापरू नका, त्याने ससे दगावतात. जवळच्या पशुवैद्याकडे न्या, खपली थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली की लगेच कळतं, औषधही साधं आहे. दुसरा ससा त्याच पिंजऱ्यात असेल तर दोघांनाही न्या, आणि तोपर्यंत पिंजऱ्यातलं गवत, गोणपाट रोज बदला.

मैथिली_नाशिक:

कान झटकतो, हो. आणि खपली तपकिरीच आहे. उद्या सकाळीच दोघांना घेऊन जाते, मुलगा पण येतोय, त्याला ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचंय.